१९७९ चं सेसना घेऊ का?

चीफसाहेब, नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. मी लोकांना पैशाचं नियोजन करून देतो, माझ्याकडे लोक डंपर घेऊ का, होमस्टे काढू का, ट्रॉलर विकून पोराला जर्मनीला पाठवू का असले प्रश्न घेऊन येतात. विमान घेऊ का, हा प्रश्न आजवर दुसऱ्यांदाच आला, पहिल्याचं काय झालं ते पुढे सांगतो.

आधी तुम्ही काय लिहिलंय ते थोडक्यात मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर सांगा. तुम्ही मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनीअर, वय ५३, गाव गुहागरकडे, ५५ ला जहाज सोडायचं ठरवलंय. पीपीएल, म्हणजे खाजगी वैमानिकाचं लायसन, काढलंय, ते चालू आहे. एनआरई एफडी (परदेशातल्या कमाईची) १ कोटी ६० लाख, म्युच्युअल फंड ७० लाख, पुढच्या दोन वर्षांत अजून ६० लाख बाजूला पडतील, मुलीच्या शिक्षणाला ४० लाख लागणार, घरखर्च महिना ९० हजार. आणि आता १९७९ चं सेसना १७२, हे छोटं विमान, मिळतंय ५५ लाखांत. इंजिन ओव्हरहॉलनंतर, म्हणजे पूर्ण खोलून नवं केल्यानंतर, १६५० तास चाललंय, ओव्हरहॉल २००९ चा, समुद्रकाठी उभं आहे, गेल्या दोन वर्षांत फक्त २२ तास उडालंय, एआरसी (उडायला लायक असल्याचा तपासणीचा दाखला) संपलीय पण मालक म्हणतो रिन्यू होऊन जाईल, आणि महिनाअखेर दोन लाख टोकन द्या म्हणतो. शेवटी तुम्ही लिहिलंय, हौसेला मोल नसतं.

मान्य. पण बिल तर येतं ना, आणि ते दर महिन्याला येतं, तुम्ही उडा नाहीतर सिंगापूरच्या अँकरेजला बसून राहा.

५५ लाखाचं सोडा हो, तो सगळ्यात सोपा आकडा आहे. तुमच्याच कोटेशनवरून बघू. हँगरला महिना २५ हजार म्हणजे वर्षाचे ३ लाख, इन्शुरन्स १ लाख ४० हजार, वर्षाची तपासणी, कॅमोची (विमानाच्या देखभालीचा हिशोब ठेवणाऱ्या संस्थेची) फी आणि एआरसी मिळून ५ लाख, किरकोळ ६० हजार. झाले १० लाख, आणि अजून चाक जमिनीवरून उचललेलं नाही. ५५ लाख एफडीत असते तर सात टक्क्यांनी ३ लाख ८५ हजार आले असते, ते गेले. राहिलं इंजिन. ओव्हरहॉलला ३५ लाख असं कोटेशन तुम्हीच जोडलंय, आणि त्याला २००० तासांनी भागून तासाला १७५० रुपये धरलेत. इथेच गडबड आहे. इंजिन बनवणाऱ्या लायकमिंग कंपनीचा हिशोब २००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते. तुम्ही वर्षाला ६० तास उडलात तरी १२ वर्षांत ७२० तास होतात, म्हणजे तासाला १७५० नाही, ४८०० च्या वर. तासांचं सोडून वर्षाचं धरा, वर्षाला २ लाख ९० हजार बाजूला ठेवायलाच लागणार. आणि या इंजिनाची बारा वर्षं तर २०२१ लाच भरली! मुदतवाढ घेतलीय असं मालक म्हणत असेल तर कोणाची, किती, कुठल्या अटीवर ते कागदावर दाखवायला सांगा. कागद नसेल तर तुम्ही ५५ लाखांचं विमान घेत नाही आहात, ९० लाखांचं घेताय.

सगळं मिळून १६ लाख ७५ हजार झाले. आता पेट्रोल. तासाला ३२ लिटर आणि लिटरला तुम्ही धरलेले २४० रुपये, म्हणजे ७६८० रुपये तास. वर्षाला १०० तास उडेन म्हणता, तसं झालं तर एका तासाला साडेचोवीस हजाराच्या आसपास पडतं. ५० तास झाले तर ४१ हजार. आणि फ्लाइंग क्लबचं तुम्हाला मिळालेलं भाडं १५ हजार तास, पेट्रोलसकट. विकत घेतलेलं भाड्यापेक्षा स्वस्त पडायला वर्षाला २३० तास उडायला लागेल. तुमच्या पीपीएलला सगळे मिळून किती तास झालेत ते लॉगबुक काढून बघा, मग बोलू.

१०० तास का होणार नाहीत ते तुम्हाला कोकणातल्या माणसाने सांगायला नको. पुढची दोन वर्षं निम्मं वर्ष तुम्ही जहाजावर. उरलेल्यातले जून ते सप्टेंबर पावसाने खाल्ले, तुमचं उडणं व्हीएफआर, म्हणजे डोळ्यांनी बघून, दिवसाउजेडी, ढग खाली आले की बंद. आपल्याकडे होड्या १ जून ते ३१ जुलै बंद असतात, माणसं होडी वर ओढतात, झापांनी शाकारतात, जाळी विणत बसतात, पण होडी निदान बाकीचे महिने कमावते तरी. हे कमावणार नाही. टुरिस्टना सीझनमध्ये जॉयराइड देऊन खर्च काढू असं लिहिलंय ते मनातून काढूनच टाका. प्रायव्हेट कॅटेगरीत रजिस्टर झालेल्या विमानातून पैसे घेऊन माणूस नेता येत नाही, आणि पीपीएलवर पैसे घेऊन उडवताही येत नाही. ओळखीतल्या ओळखीत म्हणून कोणी नेईलही, पण ज्या दिवशी काही झालं त्या दिवशी इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न हाच विचारेल.

बरं, ठेवणार कुठे? रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दल चालवतं, तिथे तुमचं खाजगी विमान कायमचं उभं राहू देतील हे आधी लेखी घ्या, तोंडी कोणी हो म्हणालं तर ते धरू नका. सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ पासून चालू आहे, अडीच किलोमीटरची धावपट्टी आहे, पण गुहागरहून चिपी म्हणजे तवसाळ-जयगड फेरीबोट धरा नाहीतर चिपळूणहून हायवे धरा, अर्धा दिवस गेला. आणि पेट्रोल? मोठ्या विमानांचं इंधन जिथे मिळतं तिथे तुमचं मिळेलच असं नाही. त्यांचं एटीएफ रॉकेलच्या जातीचं, तुम्हाला एव्हीगॅस, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, लागणार. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये बडोद्याला एव्हीगॅस बनवायला घेतलं म्हणून जरा बरं, आधी बाहेरून यायचं, पण बडोद्याला बनलं म्हणून कोकणात बॅरल कोण आणून ठेवणार, एका विमानासाठी?

आता पहिल्या माणसाचं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका क्लायंटबरोबर असंच एक जुनं विमान बघायला गेलो होतो, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर उघड्यावर उभं होतं. मी कागद बघायला गेलो होतो, विमानातलं मला शून्य कळतं. लांबून झकास, पांढरा रंग, निळा पट्टा. बरोबरच्या लायसनवाल्या इंजिनीअरने पंखाखाली वाकून बोटाने एक रिव्हेट चोळला, बोटाला पांढरी भुकटी. मग टॉर्च लावून त्याने पेंटवर तिरका उजेड मारला तर खाली बारीक बारीक रेषा, वाळवी चालून गेल्यासारख्या. अॅल्युमिनियमचा गंज लाल नसतो हे मला त्या दिवशी कळलं. नंतर सिलिंडरमध्ये बोरोस्कोप, म्हणजे आत बघायचा बारीक कॅमेरा, घातला आणि मालकाचा चेहरा उतरला. आमच्या माणसाने नाद सोडला, तपासणीचे पैसे गेले, बाकी सगळे वाचले.

तुम्ही लिहिलंय, कमी उडालंय म्हणजे इंजिन ताजं आहे. चीफसाहेब, जहाजावर सहा महिने बंद पडलेला जनरेटर तुम्ही ताजा म्हणून स्टार्ट केला असतात का? लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकच्या वर असतो, इंजिन बंद राहिलं की तेल निथळून खाली जातं आणि कॅम कोरडा पडतो, खाऱ्या दमट हवेत सिलिंडरच्या भिंतीला गंज धरायला महिने लागत नाहीत, काही दिवस पुरतात. आणि १९७९ चं मॉडेल म्हणजे बहुतेक ओ-३२०-एच२एडी इंजिन असणार, ते कॅम आणि टॅपेटच्या झिजेसाठीच बदनाम आहे, प्लेटवर नंबर बघून घ्या. अधूनमधून जमिनीवर स्टार्ट करून ठेवतो असं मालक म्हणत असेल तर अजून वाईट, तेल पुरतं तापत नाही आणि पाणी आतच राहतं. दोन वर्षांत २२ तास, तेही समुद्रकाठी, हे मी जाहिरात म्हणून वाचत नाही, तक्रार म्हणून वाचतो.

इंजिनची मला भीती नाही, मी स्वतः बघेन, हेही वाक्य आहे पत्रात. तुमच्या हाताबद्दल शंका नाही, पण सही कोणाची? किरकोळ कामं सोडली तर डीजीसीए या विमान खात्याची मान्यता असलेली संस्था आणि लायसन असलेला एएमई, म्हणजे विमान देखभालीचा इंजिनीअर, यांच्या सहीशिवाय ते विमान उडत नाही. तुमच्या जहाजाला क्लासचा सर्व्हेअर, म्हणजे तपासून पास करणारा बाहेरचा माणूस, असतो तसंच. शिवाय जुन्या सेसनांना वय झालं म्हणून जादा तपासणीची कंपनीचीच एक यादी आहे, एसआयडी म्हणतात, त्यात समुद्रकाठचं विमान कडक गटात मोडतं. ती झालीय का, सीटच्या रुळांची तपासणी लॉगबुकात आहे का, पहिल्या दिवसापासूनची लॉगबुकं आहेत का, हे विचारा. एक लॉगबुक हरवलंय म्हणाला तर फोन ठेवून द्या.

मित्र दोघे आहेत, तिघांत घेऊ, या पर्यायाचं थोडं. खर्च तिसऱ्या हिश्शाला येतो हे खरं, पण इंजिन ज्याच्या हातात बसलं त्याने भरायचं का तिघांनी, एकाला पैशाची नड लागून बाहेर पडायचं झालं तर त्याचा हिस्सा कोणी कुठल्या भावाने घ्यायचा, हे स्टॅम्प पेपरवर नसेल तर विमान राहील आणि मैत्री जाईल. विकायला गेलात तर गिऱ्हाईक सहजासहजी मिळत नाही हेही धरा. सप्टेंबर २०२५ पासून खाजगी वापराचं विमान बाहेरून आणायला ४० टक्के जीएसटी, आधी २८ होता, त्यामुळे इथे आधीच रजिस्टर असलेल्या विमानांचे मालक भाव चढवून सांगतायत, तुमचाही तेच करतोय असं मला वाटतं.

आता माझ्या धंद्याचं. आजचे २ कोटी ३० लाख, येणारे ६० लाख, त्यातून मुलीचे ४० वजा, राहिले अडीच कोटी. सात टक्क्यांनी वर्षाला साडेसतरा लाख, घरखर्च १० लाख ८० हजार. महागाई आहे, टॅक्स आहे, पण गाडी चालते. एक लक्षात ठेवा, जहाज सोडून इथे राहायला आलात की एनआरई एफडी रेसिडेंट खात्यात बदलून घ्यावी लागते आणि व्याजावरची करमाफी जाते. आज जे व्याज पूर्ण हातात येतंय ते तेव्हा येणार नाही, आणि जहाजावरच्या बऱ्याच लोकांना हे पहिलं रिटर्न भरताना कळतं.

विमान घेतलंत तर ५५ लाख गेले, दोन वर्षांचा उभा खर्च आणि इंजिनची तजवीज मिळून २६ लाख गेले, उरले १ कोटी ७० लाखाच्या आत. व्याज बारा लाखही नाही. खर्च? घरचे पावणेअकरा, आणि ५० तास उडायचं म्हटलं तर विमानाचे पावणेसतरा. म्हणजे विमानाला घरापेक्षा जास्त लागणार. दरवर्षी पंधरा लाख मुद्दलातून काढत गेलात तर मधेच कधीतरी इंजिनचे ३५ लाख समोर येतील, तेव्हा तुम्ही साठीला टेकलेले असाल आणि परत कॉन्ट्रॅक्ट सही करायला लागेल. आंब्याच्या १२० कलमांवर भरवसा ठेवू नका, ते उत्पन्न मी कोणाच्याच प्लॅनमध्ये धरत नाही, मोहोर कधी करपेल सांगता येत नाही.

म्हणून माझं उत्तर, हे विमान नको. उडणं सोडा असं मी म्हणत नाही, उलट वर्षाला साडेचार लाख त्यासाठी वेगळे काढा, ३० तास भाड्याने उडा, बेळगावला जा, बारामतीला जा, सुट्टीवर आलात की आठवडाभर सलग मुक्काम करा. दोन वर्षांत ते ६० तास खरंच झाले आणि तरी मन भरलं नाही, तर तिसऱ्या हिश्शाचा विचार करू, पण विमान घाटावर ठेवायचं, कुंभार्ली घाट चढून जायला लागलं तरी चालेल, खाऱ्या वाऱ्यात नाही. तुमचा हिस्सा २० लाखाच्या वर जाऊ देणार नाही आणि त्याशिवाय १२ लाख इंजिनच्या नावाने लिक्विड फंडात पडलेले हवेत, पहिल्या दिवशी.

टोकन देऊ नका. मालकाला सांगा, एआरसी तुम्ही रिन्यू करून दाखवा, मग बोलू. तो जर म्हणतोय तसं सहज होणारं काम असेल तर त्याने करावं की. आणि जहाजावर परत जायच्या आधी एकदा चिपळूणला ऑफिसात या, पण वहिनींना घेऊन या, कारण चार पानांच्या पत्रात त्यांचं याबद्दल काय म्हणणं आहे ते मला कुठेच सापडलं नाही.