लंडनच्या जुन्या घरात गॅस फायर बसवायला फायरप्लेसचं तोंड मोठं करता येईल का?

येतं की, पण आधी फायरचं मॉडेल ठरवा, तोंड किती रुंद-उंच-खोल हवं ते त्याच्या मॅन्युअलमध्ये असतं आणि बरेचसे इनसेट फायर (फायरप्लेसच्या तोंडात आत बसणारे) साधारण १६ बाय २२ इंचात बसतात, म्हणजे कधी कधी फोडायचं सोडून उलट विटा लावून लहानच करावं लागतं. वरचा लिंटेल (तोंडावरची आडवी तुळई) किंवा विटांची कमान मात्र स्वतः हलवायला जाऊ नका, वरच्या बांधकामाचं वजन त्यावर असतं, ते बिल्डरचंच काम, बिल्डिंग कंट्रोललाही (बांधकामाचे नियम पाळले जातात का ते बघणारं खातं) विचारून घ्या. धुराडं साफ करून घ्या, जुन्या घरांत पक्ष्यांची घरटी निघतात. गॅसचं काम गॅस सेफ रजिस्टर्ड (ब्रिटनमधल्या गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीतल्या) माणसाकडूनच, कायदाच आहे तसा, धूर नीट वर जातो का तेही तोच तपासेल. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच, त्यात कंजूषी नको.