स्ट्रॅटेजी ठरली, सगळ्यांना पटली, तरी टीम जुनीच कामं करते. काय करावं?

तुमचा बॅकलॉग (टीमनं करायच्या कामांची यादी) स्ट्रॅटेजी ठरल्यानंतर बदलला का, हे आधी बघा. बहुतेक नसेल.

मी गोव्यात, पर्वरीत प्रॉडक्ट मॅनेजर आहे. आमची छोटी कंपनी गेस्टहाऊसवाल्यांसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर बनवते. ‘यंदा फक्त छोटे मालक’ असं ठरलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि सोमवारच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या पुढच्या छोट्या टप्प्यात, एका मोठ्या हॉटेलच्या बँक्वेट हॉलचं काम येऊन बसलं. डेव्हलपरची त्यात काहीच चूक नव्हती. यादीत जे वर होतं ते त्यानं उचललं.

मग आम्ही दोन दुपारी बसून अख्खी यादी वाचली. सेल्सवाल्यांना मुद्दाम बोलावलं, कारण गिऱ्हाइकाला शब्द तेच देऊन येतात. स्ट्रॅटेजीत न बसणारी कामं सरळ काढून टाकली. हे फार जड गेलं. त्यातली काही माझीच लाडकी होती.

पण खरा फरक पडला तो काणकोणला गेल्यावर. मे संपत आला होता. पाळोळ्याच्या किनाऱ्यावरचे लाकडी हट पावसाआधी उतरवतात आणि पाऊस सरला की पुन्हा उभे करतात. एक मालकीणबाई म्हणाल्या, “दर वर्षी खोल्या नव्यानं भराव्या लागतात तुमच्या त्या ॲपात. त्यापेक्षा माझी वही बरी.” आमच्या डेव्हलपरनी ते स्वतः ऐकलं. परतीच्या वाटेवर गाडीत तेच बोलत होते, मला एक शब्दही समजावावा लागला नाही.

त्यानंतर टीमचं उद्दिष्ट ‘कॅलेंडरचं फीचर देणे’ असं राहिलं नाही. ‘हट उभा राहिल्यापासून पहिलं ऑनलाइन बुकिंग पडेपर्यंतचे दिवस कमी करणे’ असं झालं. ते कसं करायचं हे टीमनंच ठरवलं: गेल्या हंगामातल्या खोल्या आणि दर एका बटणात परत आणायचे.

ओकेआर (उद्दिष्टं आणि ती गाठली का हे मोजणारे निकाल लिहून ठेवायची पद्धत) वापरावं का, असंही तुम्ही विचारलंय. जरूर वापरा. इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी ते रुजवलं, 1999 मध्ये गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी गूगलला नेलं. पद्धत चांगलीच आहे. फक्त वरून आलेली उद्दिष्टं टीमच्या तक्त्यात तशीच उतरवून काढू नका. निदान अर्धी तरी टीमला स्वतः लिहू द्या. पुढच्या प्लॅनिंगला प्रत्येक कामासमोर एकच प्रश्न विचारा: यानं कोणत्या मालकाचं काय सोपं होणार? उत्तर आलं नाही तर ते काम त्या दिवशी घेऊ नका.