पाऊस नसताना राखेच्या ढगात वीज कशी चमकते?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: ज्वालामुखीच्या कोरड्या राखेत वीज कुठून येते, तिच्यामुळंच विमानाची इंजिनं बंद पडतात का, आणि निपाणीकडचा काळा पत्थरही ज्वालामुखीचाच, तर आपल्याकडंही तसं झालं असेल का.

इंजिनांचं आधी सांगतो. २४ जून १९८२ ला ब्रिटिश एअरवेजचं जंबो जेट इंडोनेशियातल्या जावा बेटाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं. राख घासून विजेचा भार साठला आणि पुढच्या काचेवर उजेड नाचू लागला. पण चारही इंजिनं थांबली ती राख आत वितळून चिकटल्यामुळं, विजेनं नव्हे. विमानाच्या रडारला कोरडी राख दिसत नाही, त्यामुळं तो उजेड उलट कामाचा इशारा.

आता वीज. मी बेळगावात उद्यमबागला पावडर कोटिंग करतो, म्हणजे धातूच्या वस्तूंवर कोरड्या पावडरीचा रंग चढवतो. आमच्या ट्रायबो गनमध्ये, म्हणजे घासून भार देणाऱ्या फवाऱ्याच्या बंदुकीत, हाय व्होल्टेज नसतंच. पावडर टेफ्लॉनच्या नळीतून घासत जाते, तेवढ्यानंच प्लस भाराची होते आणि रंगवायच्या वस्तूला चिकटते. राखेत टेफ्लॉन नाही, दगडावर दगडच घासतो. तरी बहुतेक वेळा बारीक कण मायनस होतात, जाड कण प्लस. एकाच दगडाचे असून असं का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. शिवाय मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला दगड, फुटून राख होते, त्या फुटण्यातही भार तयार होतो.

पण प्लस-मायनस एकत्रच राहिले तर वीज कसली? जाड कण लवकर खाली येतात, बारीक धूळ वर जाते. मधलं अंतर वाढत जातं आणि शेवटी हवेला तो ताण पेलवत नाही.

आणि राख 'कोरडी' म्हणतो आपण, पण मॅग्मातच वाफ असते बघा. उंचावर ती गोठली की बर्फाचे कण एकमेकांवर आपटतात, म्हणजे वळवाच्या ढगात होतं तेच. १५ जानेवारी २०२२ ला टोंगाजवळ समुद्रातला ज्वालामुखी फुटला, त्यात समुद्राचंही पाणी मिसळलं. ढग ५७ किलोमीटरवर गेला, मिनिटाला २,६०० पर्यंत विजा!

भार लगेच संपतो असंही नाही. २०१० मध्ये आइसलँडची राख १,२०० किलोमीटर दूर स्कॉटलंडवर पोचली, तिथं बलून सोडून मोजलं तर भार होताच.

आपला काळा पत्थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो मुख्यतः जमिनीच्या भेगांतून वाहत आलेला पातळ लाव्हा. राखेचे उंच ढग हा त्या उद्रेकांचा मुख्य भाग नव्हता.