ताग : खतासाठी, दोरासाठी की औषधासाठी?

प्रश्न : करवीर तालुक्यात आमची दोन एकर काळी जमीन असून आडसाली उसाची लावण करण्यापूर्वी तीत हिरवळीचे खत म्हणून ताग (सनहेम्प) घेण्याचा विचार आहे. पीक चांगले वाढू द्यावे, म्हणजे खतही होईल आणि दोरांना वाख, म्हणजे सालीचा धागाही मिळेल, असे वडिलांचे म्हणणे आहे. तागाचे बी रक्तशुद्धीसाठी पोटात घेतात, असे आजी सांगते. यातले काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खत आणि वाख ही दोन्ही एकाच रानातून, एकाच वेळी पदरात पडणार नाहीत, कारण दोहोंसाठी तागाचे वय वेगळे लागते. पेरणीनंतर सहा-सात आठवड्यांनी, फुलकळी दिसू लागताच ताग जमिनीत गाडावा. त्या वेळी खोड कोवळे व रसदार असते, त्यामुळे ते लवकर कुजते आणि मुळांवरील गाठींमधील जिवाणूंनी हवेतून बांधलेले नत्र पुढच्या पिकाच्या कामी येते. पीक चांगले असल्यास हे नत्र हेक्टरी साधारण 60 ते 90 किलो भरते. गाडण्याआधी एखादे रोप हलक्या हाताने उपटून मुळावरची गाठ नखाने फोडून पाहावी. आतून ती गुलाबी निघाली, तर नत्राचे काम नीट चालले आहे असे समजावे. खोडही वाकवून पाहावे. ते कटकन मोडले तर वेळ योग्य आहे. सालीची लांब पट्टी सोलून येऊ लागली, तर वाख तयार होत आहे आणि तोच वाख पुढे रानात लवकर कुजत नाही, रोटावेटरच्या पात्यांना गुंडाळतो आणि सरी सोडताना त्रास देतो.

आडसाली लावण 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान होते, हे धरून मेअखेरीस पाणी देऊन एकरी 20 ते 25 किलो बी पेरावे, म्हणजे गाडल्यानंतर कुजण्यास दोन आठवडे मिळतील. मात्र ताग साचलेले पाणी सोसत नाही. पंचगंगेकाठच्या सखल रानात किंवा शिरोळकडच्या क्षारपड जमिनीत धैंचा हे दुसरे हिरवळीचे पीकच पेरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वडिलांची इच्छाही रास्त आहे. नायलॉन येण्याआधी कासरे, दावी आणि चऱ्हाटे वळण्यासाठी तागाचा वाख वापरला जात असे, आणि बैलाच्या मानेला तो नायलॉनसारखा काचत नाही. त्यासाठी उसाच्या रानाबाहेर दोन-तीन गुंठे ताग शेंगा धरेपर्यंत राखावा, कापून पेंढ्या काही दिवस पाण्यात कुजवाव्यात आणि साल सोडवून, धुऊन वाळवावी.

आजींना मात्र आदराने नकार द्यावा लागेल. चरकसंहितेत वमनासाठी, म्हणजे उलटी करवण्यासाठी, सांगितलेल्या मुळांमध्ये शणपुष्पी या तागाच्या जवळच्या वनस्पतीचे नाव येते, म्हणजे या कुळाचे औषधी गुण आपल्याकडे जुन्या काळापासून ठाऊक आहेत. पण वैद्याच्या देखरेखीखालील उपचार वेगळा आणि घरी चमच्याने बी घेणे वेगळे. तागाच्या बियांमध्ये यकृताला इजा करणारी अल्कलॉइड द्रव्ये असतात, आणि ती इजा बरेचदा उशिरा लक्षात येते. त्वचेची तक्रार असेल, तर आजींना डॉक्टरांकडे किंवा जाणत्या वैद्याकडे न्यावे. राखलेल्या दोन-तीन गुंठ्यांतले बी पुढच्या पेरणीसाठीच वेगळे ठेवावे, आणि ते जनावरांच्या खुराकात मिसळणार नाही याचीही काळजी घ्यावी.