देरुताला एक दिवस

प्रश्न : येत्या ऑक्टोबरमध्ये मी व माझी पत्नी रोम आणि फ्लॉरेन्सला जाणार आहोत. पत्नी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून मधला एक दिवस मातीच्या रंगीत भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या देरुता या डोंगरावरच्या गावासाठी ठेवला आहे. तेथे काय पाहावे आणि खरेदी करताना काय तपासावे? (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : देरुता हे उम्ब्रिया प्रांतात, टायबर नदीच्या खोऱ्यावर उभे असलेले लहानसे गाव आहे. रोमहून रेल्वेने पेरुजाला जावे आणि तेथून दक्षिणेकडे बसने किंवा भाड्याच्या मोटारीने निघावे. खाली हमरस्त्यालगत मोठी दुकाने लागतात; तेथे न थांबता आधी वरच्या जुन्या गावात जावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कारागिराचा हात चालताना पाहिल्यावर तंबोऱ्याकडे पाहण्याची आपली नजर जशी बदलते, तसेच येथेही घडते.

जुन्या फ्रान्सिस्कन मठात असलेले सिरॅमिक संग्रहालय प्रथम पाहावे. या भांड्यांना मायोलिका म्हणतात. एकदा भाजलेले भांडे कथलाच्या पांढऱ्या झिलईत बुडवतात आणि ती सुकून पिठासारखी झाली की तिच्यावर कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, अँटिमनीचा पिवळा असे रंग भरून भांडे पुन्हा भट्टीत घालतात. ही कोरडी झिलई रंग तत्काळ शोषून घेते, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. आपल्या पत्नीला या कारागिरीचे मोल इतरांहून अधिक कळेल. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी येथील कारागीर चांदी व तांब्याची संयुगे लावून, धुराने कोंदलेल्या भट्टीत भांडे तिसऱ्यांदा भाजत आणि सोन्याचा कणही न वापरता त्यावर सोनेरी झळाळी आणत. त्या थाळ्यांपुढे घाई करू नये.

खरेदीच्या वेळी एकाच नक्षीच्या दोन थाळ्या शेजारी ठेवून पाहाव्यात. बाह्यरेषा सारखी दिसली म्हणून ती छपाई समजू नये, कारण भरतकामाच्या खाक्याप्रमाणे छिद्रे पाडलेल्या कागदावरून कोळशाची पूड झटकून ती उमटवण्याची तेथे जुनी रीत आहे. हाताचे काम ओळखायचे ते कुंचल्याच्या फटकाऱ्यात आणि रंगाच्या कमीअधिक दाटपणात. जुन्या झिलईत शिसे असे. म्हणून थाळी जेवणासाठी आहे की केवळ शोभेची, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. घेतलेली वस्तू विमानात हातातल्या सामानातच ठेवावी.

गावाच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर मादोन्ना देई बान्यी हे चर्च आहे. १६५७ पासून नवस फेडणाऱ्यांनी वाहिलेल्या शेकडो रंगीत फरशा त्याच्या भिंतींवर आहेत. झाडावरून पडलेला माणूस, उलटलेली गाडी, अंथरुणाला खिळलेला रुग्ण अशी सामान्य माणसांवरची संकटे गावच्या कारागिरांनी त्यांवर रंगवली आहेत. वेळ अपुरा पडू लागला, तर दुकानांतील वेळ कमी करावा. हे चर्च मात्र चुकवू नये.