आजोबांची युद्धपदके: हवाई दलाच्या ग्राउंड क्रूविषयी प्रश्नोत्तरे

आजोबा 1944 मध्ये इम्फाळला भारतीय हवाई दलाच्या 1 नंबर स्क्वाड्रनमध्ये फिटर होते. ते कधी विमानातून लढले नाहीत, तरी त्यांना दोन स्टार (ताऱ्याच्या आकाराची पदकं) कसे मिळाले?

लढाऊ उड्डाणाची अट फक्त एअरक्रूला, म्हणजे विमानातून उडणाऱ्यांना होती. ‘1939-45 स्टार’साठी त्यांना लढाऊ युनिटमध्ये 60 दिवस आणि निदान एक प्रत्यक्ष मोहीम लागे. फिटर, रिगर, आर्मरर अशा जमिनीवर विमानं आणि शस्त्रं सांभाळणाऱ्यांचे मात्र युद्धक्षेत्रातले दिवस मोजत आणि ते 180 भरावे लागत. अर्जन सिंग यांच्या हाताखालचं हे हरिकेन लढाऊ विमानांचं स्क्वाड्रन फेब्रुवारी 1944 पासून इम्फाळला होतं, त्यामुळे बहुतेकांचे दिवस सहज भरले. ‘बर्मा स्टार’ला तर ठरलेल्या क्षेत्रात नेमणुकीवर असणं पुरे होतं. बंगाल-आसामातली नोकरी 1 मे 1942 पासून धरली जाई, पण 1944 पासून त्यातला ठरावीक भागच धरला. म्हणून डिस्चार्ज बुकात ठिकाण आणि तारीख दोन्ही पाहा. ते बुक हरवलं असेल, तर सर्व्हिस नंबर देऊन दिल्लीच्या सुब्रोतो पार्कमधील हवाई दलाच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा.

वडिलांची दोनच पदकं सापडली: ‘वॉर मेडल’ आणि ‘इंडिया सर्व्हिस मेडल’. ते सगळं युद्धभर अंबाल्याला होते. बाकीची हरवली का?

नाही, संच पूर्ण आहे. वॉर मेडलला 28 दिवसांची नोकरी पुरे. दुसरं पदक भारतीय सैन्यदलांपुरतं, देशातल्या तीन वर्षांच्या नोकरीसाठी. ते मिळालं की ‘डिफेन्स मेडल’ मिळत नसे. मोजणी 2 सप्टेंबर 1945 ला थांबते. भरतीची तारीख सप्टेंबर 1942 नंतरची निघाली, तर हे पदक त्यांचंच का, हे जरूर तपासा. पदकावर नाव नाही म्हणून मात्र शंका घेऊ नका. ब्रिटनने या युद्धाची मोहीमपदकं नाव न कोरताच वाटली.

वॉर मेडलच्या फितीवर पितळी रंगाचं छोटं पान आहे. ते काय?

ओकचं पान, म्हणजे ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’: वरिष्ठांच्या अहवालात नावानिशी उल्लेख. ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल’ उड्डाण करणाऱ्यांचं. ग्राउंड क्रूच्या वाट्याला बहुधा हे पान किंवा ‘ब्रिटिश एम्पायर मेडल’ येई. ते पान फितीपासून अजिबात वेगळं करू नका.

स्टार काळे पडलेत. ब्रासो चालेल का? फ्रेममध्ये कसे लावू?

ब्रासो नको! स्टार तांबे-जस्ताच्या मिश्रधातूचा असतो; घासलं की मधल्या वर्तुळातली राजाची अक्षरं आणि भोवतीचं पदकाचं नाव बोथट होतं, खाचांत पांढरी पूड बसते. मऊ कोरड्या कापडाने पुसा. फीत धुऊ नका, रंग एकमेकांत उतरतात. नवी फीत 32 मिमी रुंदीची घ्या, जुनी पाकिटात जपा. पीव्हीसीच्या पिशव्या टाळा.

समोरून पाहताना डावीकडून क्रम असा: 1939-45 स्टार, बर्मा स्टार, वॉर मेडल, इंडिया सर्व्हिस मेडल. पहिल्याच्या फितीत गडद निळा, लाल, फिकट निळा असे तीन पट्टे असतात. गडद निळा तुमच्या डाव्या हाताला यायला हवा. फ्रेमवाले हाच हमखास उलटा लावतात.