मेंबर होतात, टिकत का नाहीत?

प्रश्न: आमच्या सेवा क्लबात कागदावर ४० मेंबर, मीटिंगला येतात ११, त्यातले ४ जेवण लागल्यावर. नवीन पोरं वर्षात गळतात. काय करावं?
– एक सेक्रेटरी, सोलापूर

उत्तर: अहो साहेब, हे दुखणं तुमच्या एकट्याचं नाहीये. अमेरिकेत फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघटनेचे मेंबर १९५९ ला ४१ लाखांवर होते, आता १० लाखांच्याही खाली आलेत. रोटरी १९०५ ला शिकागोत सुरू झाली तेव्हा मीटिंग आळीपाळीनं एकेकाच्या ऑफिसात व्हायची, ‘रोटेट’ म्हणजे फिरणं, नावच त्यावरून पडलं, आणि आपण काय करतो तर हॉलमध्ये हार, शाल, सत्कार, परत आभार, पोरगं मागच्या खुर्चीत मोबाईल बघत बसतंय. २०१६ ला रोटरीनंच दर आठवड्याची सक्ती सैल केली, महिन्याला दोन मीटिंगा चालतात. तुम्ही पण एखादी मीटिंग मेंबरच्या चादरीच्या कारखान्यात ठेवा की, मागाचा खडखडाट, वर कडक भाकरी आन् शेंगा चटणी. नव्या पोराला पहिल्याच महिन्यात खरं काम द्या, गड्ड्याच्या यात्रेत पाण्याचा स्टॉल, हिशोबासकट त्याच्याच हातात, चुकलं तर चुकू दे (माजी अध्यक्षांनी मध्ये बोलायचं नाही, हे जरा अवघड जाईल!). आणि जो तीन मीटिंगा आला नाही त्याला ग्रुपवर मेसेज टाकू नका, सरळ घरी जाऊन चहा प्या.